खापर फोडायला डोकं दुसऱ्याचंच लागतं

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे जुन्या तगरला, पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर खापराचे तुकडे सापडतात आणि पुरातत्त्ववाले त्यांची माती, रंग, घडण बघून काळ ठरवतात. पण आपल्या बोलण्यात खापर आलं की ते हमखास कुणाच्या तरी डोक्यावर फुटायलेलं असतं. पाऊस गेला, पीक गेलं, लेकरू नापास झालं, फोडा खापर कुणाच्या तरी माथी!

शब्द लै जुना आहे. संस्कृतात 'खर्पर' किंवा 'कर्पर', प्राकृतात 'खप्पर', आणि मग आपलं खापर. गंमत म्हणजे संस्कृतात या शब्दाचा अर्थ मातीचं भांडं तसाच कवटी असाही होतो, आणि आपलं कपाळ ज्या 'कपाल' मधून आलं त्याचंही तेच, खापरीही आणि कवटीही. आता यावरून 'डोक्यावर खापर' ची व्युत्पत्ती लावायचा मोह होतो खरा, पण ते ओढूनताणून होईल, सोडून देऊ.

दोष देण्याचे बाकीचे शब्दही आहेतच. ठपका चौकशी समिती ठेवते, आळ चोरीचा येतो, कसूर सरकारी कागदात होते, 'कर्तव्यात कसूर' वगैरे (मूळ अरबी, अर्थ कमी पडणं). पण ठपका खरा असू शकतो, कसूरही. खापराचं तसं नाही, 'त्याच्यावर खापर फोडलं' म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, बिचाऱ्याची एवढी चूक नसणार.

खरी मेख मला त्यातल्या क्रियापदात वाटते. माठ फुटला, माझ्या हातून फुटला, मी फोडला. घटना एकच, पण दोष वाढत जातो. घरात लेकरू नेहमी पहिलं वाक्य बोलतं आणि माय तिसरं.

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, यावर प्रयोग झालेत. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 2010 साली 2004 च्या सुपर बाउलचा (अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना) तो गाजलेला किस्सा घेतला, मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सन आणि गायक जस्टिन टिंबरलेक गात असताना तिचा ड्रेस स्टेजवर फाटला तो. काही लोकांना वाचायला दिलं 'त्यानं ड्रेस फाडला', काहींना 'ड्रेस फाटला', बाकी मजकूर जवळपास तोच. 'फाडला' वाचणाऱ्यांनी टिंबरलेकला जास्त दोषी धरलंच, वर दंडही निम्म्याहून जास्त वाढवून ठोकला. व्हिडिओ स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्यांवरही शब्दांचा परिणाम झाला, हे मला जास्त भारी वाटतं.

पुढच्या वर्षी त्यांनी इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणारे घेतले. मुद्दाम केलेली गोष्ट दोघांनीही 'अमक्यानं केली' अशीच सांगितली. पण चुकून काही घडलं तर स्पॅनिशवाले 'फुटलं' कडं जास्त झुकले, आणि ते चुकून कुणी केलं हे इंग्रजीवाल्यांच्या जास्त लक्षात राहिलं. मराठीवर असा प्रयोग करायला मजा येईल, कारण फुटणं-फोडणं, पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं अशा जोड्या आपल्याकडं ढिगानं आहेत, वर मधली पळवाट 'हातून' पण आहे.

पुढाऱ्यांना हे व्याकरण न शिकता येतं. निधी आला की 'आम्ही आणला', आणि पहिल्याच पावसात रस्ता उखडला की नुसता 'उखडला'.