चौथीच्या वर्गाने मोजलेला पाऊस

शाळांच्या जाहिरातींत हल्ली ‘स्टेम’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो आणि शेजारी यंत्रमानव जोडणाऱ्या मुलांचे छायाचित्र असते. त्यामुळे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र शिकवायचे म्हणजे महागडा संच विकत घ्यायचा, असा अनेक पालकांचा समज झाला आहे. प्रत्यक्षात या चारही विषयांची गाठ स्वयंपाकघरातल्या नरसाळ्याशीही पडू शकते.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. त्या माणमधल्या एका प्राथमिक शाळेत गेल्या पावसाळ्यात चौथीच्या मुलांनी दोन पर्जन्यमापक तयार केले. एक म्हणजे सरळ उभ्या भिंतींचा पत्र्याचा डबा. दुसरा म्हणजे 5 सेंटिमीटर व्यासाची बाटली आणि तिच्यावर बसवलेले 10 सेंटिमीटर तोंडाचे नरसाळे. बाटलीचा तळ खोलगट असल्याने मुलांनी त्यात खडे टाकले, थोडे पाणी ओतले आणि त्या पातळीवर शून्याची रेघ मारली.

सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या नोंदीच्याच वेळेला, डब्यात 6 मिलिमीटर पाणी होते आणि बाटलीत 24. एकाच अंगणात पाऊस चौपट कसा पडेल, यावरून वर्गात वाद झाला. डब्याचे तोंड कितीही मोठे घेतले तरी जास्त पाणी जास्त तळावर पसरते, म्हणून उंची तेवढीच राहते; पाऊस लिटरऐवजी मिलिमीटरमध्ये सांगतात तो यामुळेच. नरसाळे मात्र रुंद तोंडाने गोळा केलेले पाणी अरुंद बाटलीत उभे करते. पण तोंड दुप्पट रुंद असताना पाणी दुप्पट न होता चौपट का झाले? चौथीला वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र नसते, म्हणून बाईंनी नरसाळे आणि बाटली आलेखाच्या कागदावर पालथी घालून कडेने पेन्सिल फिरवायला सांगितली. मुलांनी एक सेंटिमीटरचे चौकोन मोजले, कडेचे अर्धेमुर्धे जोडून घेतले, तेव्हा मोठ्या वर्तुळात सुमारे 78 आणि लहानात सुमारे 20 भरले. रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाने वाढते, हे त्यांना सूत्राच्या कितीतरी आधी हाताने कळले, आणि मग बाटलीवर दर 4 मिलिमीटरला ‘1’ अशा खुणा करणे ही त्यांची स्वतःची अभियांत्रिकी ठरली.

पुढचा हिशेब शाळेच्या छताचा होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. तेव्हा 60 चौरस मीटर छतावर त्या रात्री 360 लिटर पाणी पडले होते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या मुलांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की मेंढा, यावरून पाऊस सांगण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. रोजच्या नोंदवहीत वाहनाचा एक रकाना वाढवावा आणि काही वर्षांच्या नोंदींशी तो मुलांनीच ताडून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

प्राथमिक वर्गांतला ‘परिसर अभ्यास’ हा विषय मुळात अनेक विषय एकत्र आणणाराच आहे. त्याला मोजमापाची जोड तेवढी हवी. त्या शाळेत उन्हाच्या दिवशी डब्यातले पाणी संध्याकाळपर्यंत 2 मिलिमीटरने उतरले, पण नरसाळ्याखालच्या बाटलीतले जवळपास तेवढेच राहिले. बाईंनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी एका डब्यावर झाकण ठेवले आणि दुसरा उघडाच उन्हात मांडला.