परदेशातली समर इंटर्नशिप आणि समर स्कूल: पत्र नीट वाचा

मागच्या मार्चमध्ये एस.वाय.ची एक मुलगी मोबाइलवर पीडीएफ उघडूनच स्टाफरूममध्ये आली. ‘मॅडम, लंडनची इंटर्नशिप मिळाली!’ पहिल्या पानावर अभिनंदन होतं. दुसऱ्यावर वेळापत्रक: सकाळी लेक्चर, दुपारी सेमिनार, शनिवारी सहल. तिसऱ्या पानावर फी आणि ती भरायची शेवटची तारीख. तिच्या वडिलांनी पतपेढीत कर्जाचा अर्ज दिलासुद्धा होता.

ते समर स्कूल होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं, पण ती इंटर्नशिप नव्हती. शिफारसपत्रं लिहिताना हा गोंधळ मला दरवर्षी दिसतो, आणि त्यात घरच्यांचे पैसे अडकतात म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

दोन्ही उन्हाळ्यात असतात, दोन्हीकडे परदेशी विद्यापीठाचं नाव असतं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. फरक ओळखायला मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगते: मी गेले नाही, तर तिथलं कोणतं काम अडेल? इंटर्नशिपमध्ये कुणाचा तरी प्रयोग, कुणाची तरी फाइल, कुणाचा तरी कोड तुमच्या वाट्याला आलेला असतो. समर स्कूलमध्ये तुम्ही गेला नाहीत तर वर्गातली एक खुर्ची रिकामी राहते, बाकी काही अडत नाही.

नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या पीस पॅलेसमध्ये हा फरक एकाच आवारात बघायला मिळतो. 1913 मध्ये उघडलेल्या या वास्तूत आंतरराष्ट्रीय न्यायालय बसतं. न्यायालयाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या प्रशासकीय कार्यालयात, एक ते तीन महिन्यांची इंटर्नशिप करता येते. तिथे संदर्भ शोधायचे, टिपणं काढायची, विभागाचं रोजचं काम करायचं. त्याच आवारात हेग अकॅडमी ऑफ इंटरनॅशनल लॉचे उन्हाळी अभ्यासक्रम चालतात. 1923 पासूनची ही परंपरा. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्याचे तीन आठवडे, खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याचे तीन आठवडे. जगभरातून आलेली मुलं मोठमोठ्या अभ्यासकांची व्याख्यानं ऐकतात. अकॅडमीच्या डिप्लोमाची परीक्षा तर इतकी कठीण की ती पार करणारे मोजकेच. कायद्याच्या विद्यार्थ्याने सीव्हीवर नुसतं ‘हेग, उन्हाळा’ लिहिलं, तर तो यातलं नेमकं काय करून आला हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

आणि गंमत बघा, न्यायालयाच्या इंटर्नशिपला मानधन नाही. राहण्या-खाण्याचा खर्च आपला आपण करायचा. म्हणजे ‘पैसे मिळाले तर इंटर्नशिप, भरावे लागले तर समर स्कूल’ हा सोपा नियम इथेच मोडतो. उलट बाजूनेही मोडतो. जर्मनीची डाड ही संस्था विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या भारतीय विद्यार्थ्यांना ‘वाइज’ योजनेतून संशोधन इंटर्नशिपसाठी स्टायपेंड देते. तीच संस्था जर्मन विद्यापीठांतल्या उन्हाळी भाषा-अभ्यासक्रमांनाही शिष्यवृत्ती देते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांसाठी ही दुसरी वाट फार मोलाची आहे. म्हणून पैशाकडे बघा, पण तेवढ्यावर ठरवू नका.

विज्ञानाच्या मुलांसाठी इंटर्नशिपची दारं तुलनेने जास्त आहेत. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेचा ‘सर्फ’ हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम 1979 पासून चालतो, दहा आठवड्यांचा. हरगोविंद खोराना 1960 ते 1970 या काळात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात होते, 1968 चं नोबेल त्यांना तिथे असतानाच मिळालं. त्यांच्या नावाचा खोराना प्रोग्रॅम 2007 मध्ये त्याच विद्यापीठाच्या पुढाकाराने सुरू झाला. अभियांत्रिकीवाल्यांनी 1948 मध्ये स्थापन झालेली आयेस्टे ही देवाणघेवाणीची संस्था माहीत करून घ्यावी. तिच्यामार्फत जाणाऱ्याला राहण्या-खाण्यापुरता मोबदला काम देणारी संस्थाच देते.

यातल्या कित्येक ठिकाणी आपला मार्गदर्शक आपणच शोधायचा असतो. वाइजसाठी जर्मन प्राध्यापकांचं होकाराचं पत्र आधी हातात लागतं, मग अर्ज. इथेच मुलं थकतात. एकच मेल चाळीस जणांना जातो: ‘आपल्या संशोधनाने मी अत्यंत प्रभावित झालो आहे.’ असा मेल उघडला तरी त्याला उत्तर येणं कठीणच. मागे माझ्या एका विद्यार्थ्याने प्राध्यापकांचा एकच पेपर आठवडाभर वाचला आणि लिहिलं, ‘तुमच्या तिसऱ्या आलेखात चाळीस अंशांनंतर रेषा खाली येते, ते नमुना सुकल्यामुळे असेल का?’ त्याचा तर्क चुकीचा होता, तरी उत्तर आलं. कारण तो काम करायला येतोय हे त्या एका वाक्यात दिसत होतं. समर स्कूलला ही खटपट लागत नाही. फॉर्म, मार्कशीट, कधी एक छोटा निबंध, आणि फी.

म्हणून समर स्कूल कमी दर्जाचं समजू नका. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं समर स्कूल 1989 पासून चालतं, त्याची रीतसर परीक्षा होते, गुण मिळतात. आपल्या कॉलेजात न मिळणारा विषय नीट शिकायचा असेल तर असे तीन आठवडे सोन्यासारखे. मात्र ते चालवणाऱ्याचं नाव तपासा. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये उन्हाळ्यात कॉलेजांच्या खोल्या आणि हॉल भाड्याने घेऊन खासगी कंपन्याही वर्ग चालवतात. पत्ता कॉलेजचा असतो, प्रमाणपत्र कंपनीचं.

काही ठिकाणी दोन्ही एकत्र असतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या उन्हाळी कार्यक्रमात मुलं व्याख्यानं ऐकतात आणि एखाद्या गटाबरोबर प्रत्यक्ष प्रकल्पावर कामही करतात, भत्ताही मिळतो. पुरातत्त्वात उलट चित्र दिसतं. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या रोमनकालीन भिंतीजवळ विंडोलँडा या जुन्या रोमन किल्ल्याच्या जागी स्वयंसेवक शुल्क भरून उत्खनन करतात. हातात खुरपं, गुडघ्यापर्यंत चिखल, सगळं काम खरं, तरी पैसे तुमचेच. मी याला शिक्षणच म्हणेन, आणि चांगलं शिक्षण म्हणेन.

नाव चुकलं की सगळ्यात जास्त अडचण व्हिसाला होते. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत छोटा अभ्यासक्रम करता येतो, पण कंपनीत इंटर्नशिप करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. अमेरिकेत इंटर्नला जे-1 व्हिसा आणि डीएस-2019 हा फॉर्म लागतो, क्रेडिट देणाऱ्या समर अभ्यासक्रमाला एफ-1 आणि आय-20. मुलाखतीत मुलगा ‘इंटर्नशिपला चाललोय’ म्हणाला आणि कागद समर स्कूलचे निघाले, तर समोरच्या अधिकाऱ्याला शंका येणारच.

परत आल्यावरही फरक राहतो. समर स्कूलची गुणपत्रिका आणि क्रेडिट कॉलेजला दाखवता येतात. ती मोजली जातील का, हे जाण्याआधीच विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. युरोपातलं एक क्रेडिट साधारण 25 ते 30 तासांच्या अभ्यासाचं असतं, हा हिशेब सोबत ठेवला तर बोलणं सोपं जातं. इंटर्नशिपहून मात्र मार्गदर्शकाचं पत्र आणायचं असतं. तुम्हाला रोज काम करताना पाहिलेल्या माणसाचं पत्र पुढे पीएचडीच्या अर्जात खूप वजनदार ठरतं. तीन आठवडे शंभर जणांच्या वर्गात तुम्हाला पाहिलेल्या प्राध्यापकांना तसं पत्र लिहिता येत नाही.

त्या मुलीने माझ्यासमोर बसूनच मेल लिहिला: माझा सुपरवायझर कोण, आणि मी कोणत्या प्रकल्पावर काम करणार? दोन दिवसांत नम्र उत्तर आलं. सुपरवायझर नसतो, शिकवणारे प्राध्यापक असतात. प्रकल्प म्हणजे वर्गातली असाइनमेंट. पतपेढीतला अर्ज वडिलांनी मागे घेतला. आता ती टी.वाय.ला आहे. जर्मनीतल्या एका प्राध्यापकांना पाठवायच्या मेलचा चौथा मसुदा काल तिने मला दाखवला. पहिली तीन वाक्यं मी खोडली, चौथ्यात त्यांच्या पेपरबद्दलचा प्रश्न होता, तो वर घ्यायला सांगितला.