डबल बॉन्डला १ नंबर दिला कोणी?

अकरावीत सायक्लोअल्कीनची, म्हणजे रिंगमधे डबल बॉन्ड असलेल्या हायड्रोकार्बनची नावं सुरू झाली की जळगावच्या क्लासेसमधे पोरं एकच घोकतात, डबल बॉन्ड १ आणि २ च्या मधे धरायचा अन् मग रिंगला जोडलेले बाकीचे ग्रुप मोजायचे. बरोबरच आहे, पण हे आलं कुठून ते कोणी सांगत नाही भो.

आधी नुसता गोंधळ होता. आज ज्याला सायक्लोहेक्सीन म्हणतो त्याला टेट्राहायड्रोबेंझीन म्हणायचे, सायक्लोहेक्सेनला कोणी हेक्सामेथिलीन म्हणे तर कोणी हेक्साहायड्रोबेंझीन. १८६६ ला हॉफमन या जर्मन केमिस्टने हायड्रोकार्बनच्या नावाच्या शेपटीला ओळीने स्वर लावायची आयडिया काढली, एन-ईन-आईन त्यातलंच. मग १८९२ ला जिनिव्हात फ्रिडेलच्या अध्यक्षतेखाली युरोपातले केमिस्ट बसले आणि शेपट्या नक्की झाल्या, बंद साखळीला पुढे 'सायक्लो' लावायचं हेही तिथलंच. पुढे १९३० ला बेल्जियममधल्या लिएजचे नियम, मग आययूपीएसीचे (रसायनांची नावं ठरवणारी जागतिक संस्था) १९५७ चे नियम.

गंमत नंबरांत आहे. रिंगला सुरुवात नसते, म्हणून मोजणी डबल बॉन्डपासून, आणि दिशा अशी की ग्रुपला लहान नंबर मिळेल. (ओएच, म्हणजे अल्कोहोलचा ग्रुप असला तर मात्र १ त्याचा, डबल बॉन्ड मागे सरकतो.) इथंच बरीच पोरं नंबरांची बेरीज करतात आणि फसतात. एक मिथिल (CH3 ग्रुप) डबल बॉन्डच्या कार्बनवर, दुसरा त्याला लागूनच पण डबल बॉन्डबाहेर असलेल्या कार्बनवर, तर एका दिशेने मोजलं की २,३, बेरीज ५, अन् दुसऱ्या दिशेने १,६, बेरीज ७, तरी बरोबर नाव १,६-डायमिथिलसायक्लोहेक्सीन, कारण पहिला फरक कुठे पडतो ते बघायचं, तिथे १ हा २ पेक्षा लहान. बेरजेचा नियम अजून काही नोट्समधे फिरतोय, तो फाडून टाकला पाहिजे.

आपल्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी तर १-एमसीपी ऐकलंच असेल, म्हणजे १-मिथिलसायक्लोप्रोपीन. केळी पिकवणारा इथिलीन जिथे चिकटतो ती जागाच हा वायू अडवून बसतो, त्यामुळे माल उशिरा पिकतो. सिसलर आणि ब्लँकनशिप यांचं हे अमेरिकेतलं काम, पेटंट १९९६ चं. मिथिल डबल बॉन्डच्या कार्बनवर म्हणून १, तोच उरलेल्या तिसऱ्या कार्बनवर गेला की ३-मिथिल, पदार्थच वेगळा.

आययूपीएसीच्या १९९३ च्या शिफारशींत डबल बॉन्डचा नंबर शेपटीला चिकटवला, सायक्लोहेक्स-१-ईन असा. म्हणून जुन्या पुस्तकात १-मिथिलसायक्लोहेक्सीन आणि नव्यात १-मिथिलसायक्लोहेक्स-१-ईन दिसलं तर घाबरू नका, बाटली एकच आहे.