बोटांना दिसणारी गाय

गोव्यात वाळपईला माझ्या घराच्या पडवीत खुंटीवर एक गोणपाटाची पिशवी टांगलेली असते. तिच्यात शेळीची हाडं आहेत, उकळून, घासून, उन्हात वाळवलेली. सत्तरी-डिचोलीतली जी मुलं पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षाला गेलेली असतात, ती मे महिन्याच्या सुट्टीत घरी आली की मला भेटायला येतात. चहा होईपर्यंत मी पिशवी पुढे करतो. आत हात घालायचा, एक हाड धरायचं आणि बाहेर न काढता ते कुठलं ते सांगायचं.

पहिल्यांदा बहुतेक सगळे अडखळतात. आकृत्या तोंडपाठ असतात, पण बोटांनी त्या कधी वाचलेल्या नसतात. मग हळूहळू जमायला लागतं. दोन्ही बाजूंना पसरलेले रुंद पंख हाताला लागले की तो मानेचा पहिला मणका. पुढच्या टोकाला दातासारखा सुळका लागला की दुसरा. पहिल्यामुळे डोकं वर-खाली होतं, दुसऱ्याच्या त्या सुळक्याभोवती ते डावी-उजवीकडे वळतं. एवढं झालं की मी त्यांना मागच्या अंगणात नेतो. तिथे आमची शेळी बांधलेली असते. तिच्या कानामागे बोट दाबायला सांगतो. कातडीखाली तीच पंखाची कड लागते, आणि मुलं माझ्याकडे चमकून बघतात.

मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आम्हा पशुवैद्यांचा रुग्ण बोलत नाही. माणसांच्या डॉक्टरला पोटात कुठे दुखतं ते सांगणारं कुणीतरी समोर असतं. आम्हाला गोठ्याच्या दारात मालक भेटतो आणि म्हणतो, ‘दोतोर, गाय खायना.’ त्यापुढचं सगळं हाताने शोधायचं असतं, आणि कातडीखाली काय, कुठे, किती खोल आहे हे त्या हाताला आधीच माहीत असावं लागतं.

पशुवैद्यकीची पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. आमची मुलं त्यासाठी घर सोडून राज्याबाहेर जातात. कुणी मुंबईला परळच्या महाविद्यालयात, जे 1886 साली सुरू झालं, कुणी साताऱ्याकडे शिरवळला. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र समोर येतं आणि ते सोपं नाही. एमबीबीएसच्या मुलांना एक शरीर शिकायचं असतं, यांना अनेक. गायीला बरगड्यांच्या तेरा जोड्या, घोड्याला सहसा अठरा. घोड्याला पित्ताशयच नाही. शेळीचं मूत्रपिंड घेवड्याच्या दाण्यासारखं गुळगुळीत, गायीचं मात्र द्राक्षाच्या घडासारखं खंडाखंडांचं. कोंबडीच्या काही हाडांत मगज नसून हवा असते आणि ती श्वसनसंस्थेला जोडलेली असते. बैलाच्या हृदयाच्या झडपांपाशी चक्क हाड असतं. हे वाचून कळत नाही असं नाही, पण हृदय हातात धरून अंगठ्याने दाबत गेल्यावर मऊ मांसात एकदम काहीतरी टणक अडतं, तो क्षण पुढे कुणी विसरत नाही.

विच्छेदनाची सुरुवात बहुतेक ठिकाणी पुढच्या पायापासून होते. पाय धडापासून वेगळा करायचा तर हाड कापावं लागेल, निदान सांधा तरी सोडवावा लागेल, असं मुलं धरून चालतात. प्रत्यक्षात काखेतून सुरी फिरवून स्नायू सोडवले की अख्खा पाय खांद्याच्या फऱ्यासकट हातात येतो. एकाही हाडाला सुरी लागत नाही, कारण गायीला, घोड्याला आपल्यासारखं गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे जत्रुक, नसतं. त्यांचं छातीचं ओझं दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. उडी मारून जनावर पुढच्या पायांवर उतरतं तेव्हा धक्का आधी ही झोळी सोसते. आणि काखेच्या त्याच पोकळीतून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा दिसतो. गाडीची धडक बसलेलं कुत्रं पुढचा पाय लोंबकळत ओढतं, एक्स-रेमध्ये मात्र हाड शाबूत असतं, अशा वेळी हा जुडगा ताणला किंवा तुटला असण्याची शंका घ्यायची असते. पाय सोडवताना ज्याने तो जुडगा पाहिला आहे, त्याला ती शंका लगेच येते.

आता देह टिकवणाऱ्या फॉर्मलिन या द्रावणाबद्दल, कारण त्याच्याशिवाय विच्छेदनकक्षाची गोष्ट होत नाही. प्राचीन काळी सुश्रुताने सांगितलेली पद्धत वेगळी होती. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायचा, मग वाळा, केस, बांबू अशांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर उघडा करायचा. 1893 साली फॉर्मलिनचा गुण लक्षात आला आणि देह महिनोन्‌महिने टिकवणं शक्य झालं. त्याची किंमतही आहे. डोळे चुरचुरतात, नाक झोंबतं आणि ज्या फॉर्मल्डिहाइडचं ते द्रावण, ते माणसाला कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली जाहीर केलं. कक्षात हवा खेळती असणं आणि हातमोजे असणं हा चैनीचा मामला नाही, हे मी प्रत्येक मुलाला बजावतो. पर्यायही आले. 1977 साली जर्मनीत गुंथर फॉन हागेन्स यांनी शरीरातलं पाणी आणि चरबी काढून त्या जागी प्लास्टिक भरण्याची प्लास्टिनेशनची पद्धत काढली. तो नमुना कोरडा, बिनवासाचा, वर्षानुवर्षं टिकणारा. तोंडी परीक्षेसाठी तो उत्तमच.

पण फॉर्मलिन आणि प्लास्टिक दोन्ही एक गोष्ट हिरावून घेतात, ती म्हणजे स्पर्श. हे मला फार उशिरा आणि एका गायीच्या जिवावर बेतल्यावर कळलं.

गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री गावोगावी नरकासुराचे पुतळे उभे राहतात आणि पहाटे जाळले जातात. राख वाऱ्याने उडून जाते, सांगाड्याची तार मात्र रस्त्याकडेला पडून राहते. गाय घास नीट चावून गिळत नाही. आधी भरभर गिळते आणि रवंथ मागाहून करते. घासाबरोबर तारेचा तुकडा सहज आत जातो. गायीच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. जड वस्तू जाळीपोटात येऊन बसतात. जाळीपोट अगदी पुढे, छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाला टेकलेलं, आणि पटलाच्या पलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. जाळीपोट आकुंचन पावलं की तार पुढे ढकलली जाते. अशी गाय पाठ वाकवून, कोपरं बाहेर काढून उभी राहते. चढण चढते, उतरणीवर कण्हते. खांद्यांमागची कातडी चिमटीत दाबली तर निरोगी गाय पाठ खाली घेते, ही घेत नाही.

वेळेत कळलं तर डावी कूस उघडून, कोटीपोटाला छेद देऊन त्यातून हात आत घालतात. खांद्यापर्यंत हात आत, नजरेचा काही उपयोग नाही. पुढे आणि खाली सरकत जायचं. कोटीपोटाचं अस्तर जाड टॉवेलसारखं, असंख्य बारीक जिभांचं. मग ते बदलतं आणि बोटांना मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्‌कोनी चौकटी लागतात. तिथे जाळीपोट सुरू. एकेक चौकट चाचपत तार शोधायची.

माझ्या पहिल्या अशा शस्त्रक्रियेत मी तो बदल ओळखू शकलो नाही. मी शिकलो होतो तो नमुना वर्षानुवर्षं फॉर्मलिनमध्ये राहून पुठ्ठ्यासारखा झालेला. आतली चौकट ऊन, बुळबुळीत, माझ्या बोटांभोवती आवळणारी होती. बरोबरच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी माझ्या जागी आपला हात घातला आणि गाय वाचली. त्या दिवसापासून मी मुलांना आधी बाजारात पाठवतो. खाटकाकडून न धुतलेली ताजी वजरी आणायची, डोळे मिटून एका कप्प्यातून दुसऱ्यात बोटं न्यायची. शेळीच्या पोटाचेही तेच चार कप्पे. पडदेपोट तर पुस्तकाच्या पानांसारखं उलगडतं. घरच्यांना वास नको असतो, म्हणून आम्ही हे विहिरीपाशी करतो.

शिंगांचंही तसंच. पावसाळ्याच्या रात्री गुरं कोरड्या डांबरी रस्त्यावर बसतात आणि गाड्यांची धडक खातात. शिंग मुळाशी मोडलं की नाकातून रक्त येतं आणि मालक घाबरतो, डोक्याला मार लागला म्हणून. मोठ्या जनावराचं शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी कपाळाच्या हाडातल्या पोकळीला जोडलेली असते. उभी चिरलेली एक कवटी माझ्या कपाटात आहे. तिच्यात शिंगातून घातलेलं बोट सरळ कपाळात निघतं. मालकाला समजावताना मी तीच दाखवतो.

सगळ्यात कठीण प्रॅक्टिकल गर्भतपासणीचं. गायीच्या गुदद्वारातून हात घालून आतड्याच्या भिंतीपलीकडचं गर्भाशय चाचपायचं. शिक्षक बाजूला उभे असले तरी मुलाचा हात आत काय धरून आहे ते त्यांना दिसत नाही, मुलालाही नाही. ही अडचण ओळखून ब्रिटनमध्ये सारा बेली या पशुवैद्य महिलेने फायबर ग्लासच्या गायीत स्पर्शाचा आभास देणारं संगणकी यंत्र बसवलं. बोट कुठे आहे ते पडद्यावर दिसतं, शिक्षक तिथल्या तिथे सुधारू शकतात आणि खऱ्या गायीला शेकडो अनोळखी हात सोसावे लागत नाहीत. असं यंत्र प्रत्येक महाविद्यालयात असावं असं मला मनापासून वाटतं.

तरी एक खूण अशी आहे, जी मी तरी खऱ्या गायीशिवाय शिकवू शकलेलो नाही. चौथ्या महिन्याच्या सुमाराला गर्भाशयाकडे जाणारी धमनी रुंदावते आणि तिच्यातलं रक्त असं काही वाहतं की नाडीचे ठोके लागण्याऐवजी अखंड थरथर लागते, नळावर अंगठा ठेवल्यासारखी. गेल्या मे महिन्यात एका धनगर कुटुंबाच्या गोठ्यात आमची एक मुलगी गायीच्या मागे उभी होती, खांद्यापर्यंत हातमोजा, कपाळावर घाम. बराच वेळ ती काही बोलली नाही. मी विचारलं, ‘सापडलं का गो?’ तिने मान हलवली, डोळे मिटलेलेच. घरची म्हातारी दारातून बघत होती. मुलीने हात बाहेर काढला, हातमोजा उलटा करत उतरवला आणि म्हातारीकडे वळून चार बोटं वर केली.