छोट्या लग्नात डीजे नेमकं काय करतो?
लग्न ठरलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"पन्नासच माणसं आहेत, मोबाईलवर गाणी लावली तर चालणार नाहीत का?" छोट्या लग्नाची बोलणी सुरू झाली की हा प्रश्न बहुतेक वेळा येतोच, आणि तो रास्त आहे. गाणी मोबाईलवरही लागतात. पण मोबाईलला समोरचं दिसत नाही. मुलीचे वडील बोलायला उभे राहिलेत, आजीने कानावर हात ठेवलाय, कोपऱ्यातली मित्रमंडळी ताटं ठेवून उठायच्या बेतात आहेत, हे कुणीतरी बघावं लागतं. आमचं निम्मं काम बघण्याचं आहे.

माणसं कमी असली की ते जास्त अवघड होतं. तीनशे जणांतून वीस जण बाहेर गेले तरी पत्ता लागत नाही. चाळिसांतले आठ एकदम बाहेर गेले की नाचाची जागा ओकीबोकी दिसते, उरलेल्यांना अवघडल्यासारखं होतं आणि तेही खुर्च्या गाठतात. एक चुकीचं गाणं तेवढ्याला पुरतं.

आधी बोलणं, मग गाणं

पाहुणे जमत असताना आणि जेवताना संगीत गप्पांच्या खाली राहायला हवं. दोन माणसांचं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. गाणं त्याच्या वर गेलं की माणसं आवाज चढवतात, शेजारचे त्याहून चढवतात आणि बघता बघता सगळा हॉल ओरडून बोलायला लागतो. म्हणून आमचा माणूस दर थोड्या वेळाने सगळ्यात वयस्कर पाहुण्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहतो. त्यांना मान पुढे न करता एकमेकांचं ऐकू येत असेल तर आवाज बरोबर आहे. मिक्सरमागे उभं राहून हे कळत नाही.

याच कारणाने आम्ही एका टोकाला एक मोठा स्पीकर लावायचं टाळतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंतींमुळे थोडा कमी उतरतो, पण पुढच्यांचे कान दुखणार आणि मागच्यांना शब्द लागणार नाहीत, हे ठरलेलंच. त्यापेक्षा लहान स्पीकर दोन-तीन जागी, स्टँडवर, डोक्यांच्या वर ठेवलेले बरे. खाली ठेवले तर पुढे उभ्या असलेल्या माणसांची अंगंच आवाजातला स्पष्टपणा शोषून घेतात.

माईक

लोकांच्या लक्षात गाण्यांपेक्षा मनोगतं जास्त राहतात. आणि तिथेच माईक शिट्टी मारतो! माईक स्पीकरच्या तोंडासमोर गेला की स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, फिरत राहतो आणि वाढत जातो. बोलणाऱ्याची जागा स्पीकरच्या मागे ठेवली की हा त्रास बराचसा मिटतो, म्हणून ती जागा आधी ठरवू द्या. बोलायची सवय नसलेली माणसं भावुक झाली की माईक हळूहळू छातीपाशी, मग पोटापाशी नेतात. तेव्हा आवाज वाढवून फारसं साधत नाही, शिट्टी मात्र लवकर येते. आमचा माणूस शांतपणे जवळ जाऊन माईक हनुवटीशी आणून देतो. बोलणाऱ्याचा हुंदका थांबेपर्यंत आम्ही खाली काही वाजवत नाही. ती शांतता भरून काढायची नसते.

जेवणाकडून नाचाकडे

सगळ्या कार्यक्रमात जपून हाताळायची वेळ हीच. जेवतानाची गाणी मिनिटाला ७० ते १०० ठोक्यांची असतात, नाचाची साधारण ११५ ते १३०. एकदम उडी मारली तर हातात ताट असलेला माणूस दचकतो. आम्ही पाच-सहा गाण्यांत ठेका चढवत नेतो, दिवे जरा मंद करायला सांगतो आणि टेबलाखालचे पाय बघत राहतो. पाय हलायला लागले की वेळ झाली. नाचाचं पहिलं गाणं शक्यतो तरुणांचं ठेवत नाही. आई-वडिलांच्या पिढीचं, सगळ्यांना तोंडपाठ असलेलं ठेवतो. मोठी माणसं उठली की लहानांना बोलवावं लागत नाही. उलट मात्र क्वचितच घडतं.

तीन-चार जलद गाण्यांनंतर एक संथ हवं. लोकांना पाणी प्यायला, दम घ्यायला वेळ मिळतो, आणि ज्यांना उड्या मारायच्या नसतात ते त्याच एका गाण्याला उठतात. एकदा अशाच गाण्यावर नवऱ्या मुलाचे आजी-आजोबा उभे राहिले. आजोबांची काठी खुर्चीला टेकवलेली, आजींचे दोन्ही हात त्यांच्या खांद्यावर. आम्ही गाणं संपू न देता त्याचं शेवटचं कडवं पुन्हा जोडलं.

नाचाच्या वेळीही हॉल हादरवायची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. छोट्या हॉलमध्ये आम्ही तिच्या बरेच खाली राहतो.

तुमच्याकडून काय हवं

शंभर गाण्यांची यादी नको. पावणेदोन तासांच्या नाचात साडेतीन मिनिटांच्या हिशोबाने तीसच गाणी बसतात. हवीच अशी दहा द्या, बाकीची समोरची माणसं बघून आम्ही निवडू.

त्याहून महत्त्वाची आहे नकोत अशा गाण्यांची यादी. सुरुवातीच्या काळात आमच्या हातून एक चूक झाली. एक लोकप्रिय गाणं लावलं आणि नवरीची आई उठून बाहेर गेली. तिच्या गेलेल्या मुलाचं ते आवडतं गाणं होतं, आम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून पहिल्याच भेटीत आम्ही हे विचारतो. कारण सांगू नका, फक्त गाणं सांगा.

कोण कधी बोलणार, जेवण कधी वाढणार, फोटोसाठी कुणाला केव्हा बाहेर नेणार, हेही आठवडाभर आधी कळवा. नाच रंगात असताना दोन्ही घरची माणसं फोटोला गेली तर छोट्या लग्नात मागे फारसं कुणी उरत नाही.

शेवटचं गाणं तुम्ही दोघांनी निवडायचं. ते आम्ही मध्येच न तोडता पूर्ण वाजवतो. त्यानंतर हलक्या आवाजात काहीतरी चालू राहतं, कारण लोक चपला शोधत असतात, लहान मुलं खांद्यावर झोपलेली असतात, दाराशी पुन्हा गप्पा रंगतात. शेवटचा पाहुणा निघेपर्यंत आम्ही वायरी गुंडाळायला घेत नाही.