अमेरिकन बास्केटबॉलपटूचा परदेशी करार: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये ३० संघ आणि प्रत्येक संघात १५ जणांना नियमित करार, म्हणजे सगळ्या जागा मिळून ४५०. अमेरिकेतल्या विद्यापीठांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्यांपैकी बहुतेकांना यात जागा मिळत नाही. ज्यांना खेळावरच पोट भरायचे असते ते जर्मनी, स्पेन, तुर्कस्तान, जपान, चीन किंवा फिलिपिन्सची वाट धरतात. करारावर सही झाल्याची बातमी येते आणि पहिल्या सामन्यात मात्र खेळाडू साध्या कपड्यांत बाकावर दिसतो. कारण सही झाल्यावरही तीन परवानग्या बाकी असतात: फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या व्यवस्थेतले क्लिअरन्स लेटर, त्या देशाचा काम करण्यासाठीचा निवास परवाना आणि लीगचा खेळण्याचा परवाना. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळतात आणि एक हातात आली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

पात्रता

खेळाडूचे वय १८ पूर्ण असेल तर प्रकरण सरळ असते. त्याखालच्या वयात देश बदलायला मुळात मनाईच आहे. शिक्षण, आईवडिलांच्या स्थलांतराचे खरे कारण वगैरे तपासून फिबा अपवाद करते आणि त्याला वेळ लागतो.

दुसरी अट परदेशी खेळाडूंच्या कोट्याची. जर्मनीच्या बुंडेसलिगा या वरिष्ठ बास्केटबॉल लीगमध्ये सामन्याच्या यादीतल्या १२ जणांपैकी किमान ६ जर्मन लागतात, म्हणजे बाकी सगळ्या देशांच्या खेळाडूंना मिळून जास्तीत जास्त ६ जागा. सातवा परदेशी खेळाडू कितीही चांगला असला तरी त्या रात्री तो गणवेश घालत नाही. म्हणून प्रस्ताव आला की पगाराआधी विचारावे: तुमच्याकडे आधीच किती परदेशी आहेत? फिलिपिन्सच्या पीबीए या लीगमध्ये तर एका संघाला एका स्पर्धेत साधारण एकच परदेशी खेळाडू मिळतो आणि त्याच्या उंचीवरही मर्यादा असते. २०१६ च्या गव्हर्नर्स कप या स्पर्धेत ती ६ फूट ५ इंच होती. उंची लीग स्वतः मोजते. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बुटांसह छापलेली उंची तिथे उपयोगाची नाही.

स्थानिक पासपोर्ट मिळाला तर कोट्याचा प्रश्नच संपतो. अमेरिकेत जन्मलेला निक वायलर-बॅब जर्मन नागरिक झाला आणि २०२२ च्या युरोबास्केटमध्ये जर्मनीकडून खेळला. मात्र राष्ट्रीय संघासाठी फिबाचा वेगळा नियम आहे: वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू संघात चालतो.

क्लिअरन्स लेटर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. हे पत्र म्हणजे जुन्या महासंघाने दिलेला 'आमची हरकत नाही' असा दाखला. अर्ज खेळाडू करत नाही. नवा क्लब आपल्या देशाच्या महासंघाला कळवतो आणि तो महासंघ फिबाच्या ऑनलाइन प्रणालीतून मागणी पाठवतो. खेळाडूच्या बाजूने पासपोर्टची प्रत आणि सही केलेले स्वयंघोषणापत्र लागते. आधीचे क्लब, चालू करार आणि कुठली शिक्षा झाली असल्यास ती, हे सगळे त्यात खरेखरे लिहायचे असते.

पत्र कोणाकडून मागायचे? ज्या महासंघाकडे खेळाडूची शेवटची नोंदणी होती त्याच्याकडून, त्याच्या मायदेशाच्या महासंघाकडून नव्हे. विद्यापीठातून थेट निघालेल्याचे पत्र यूएसए बास्केटबॉल, म्हणजे अमेरिकेचा महासंघ, देतो. पण गेला हंगाम पोलंडमध्ये काढला असेल तर पत्र पोलंडच्या महासंघाचे लागते, मग उन्हाळाभर तो घरी टेक्सासात का बसलेला असेना. चुकीच्या महासंघाकडे मागणी गेली की हंगामाच्या तोंडावर आठवडा वाया जातो. (भारतीय खेळाडू बाहेर जाताना भारतीय बास्केटबॉल महासंघाकडून हेच पत्र लागते.)

महासंघाला उत्तरासाठी ७ दिवस असतात. नकाराचे मान्य कारण एकच: खेळाडू आधीच्या क्लबाशी अजून कराराने बांधलेला आहे. क्लबाचे पैसे देणे आहे किंवा प्रशिक्षक नाराज आहे, ही कारणे चालत नाहीत. म्हणून हंगामाच्या मध्येच करार तोडला असेल तर दोन्ही बाजूंच्या सह्या आणि तारीख असलेले करारसमाप्तीचे पत्र घेतल्याशिवाय शहर सोडू नये. व्यवस्थापकाने 'जा, काही अडचण नाही' असे तोंडी सांगितले, याला काडीची किंमत नाही.

२०११ मध्ये संघमालक आणि खेळाडूंच्या करारवादातून एनबीएत टाळेबंदी झाली तेव्हा या एका कागदाचे वजन सगळ्यांना कळले. डेरॉन विल्यम्सचा एनबीए करार चालू होता, तरी टाळेबंदी संपताच परत यायचे या अटीवर तो तुर्कस्तानच्या बेशिक्ताशकडे खेळू शकला. चीनच्या लीगने मात्र मध्येच सुटण्याचे कलम नाकारले आणि करारमुक्त खेळाडूंनाच घेतले. केन्यन मार्टिन चीनमधल्या शिनच्यांगच्या क्लबातून डिसेंबरमध्येच निघाला, पण क्लिअरन्स मिळून एनबीएत उतरायला त्याला फेब्रुवारी २०१२ उजाडला. जे. आर. स्मिथ आणि विल्सन चँडलर यांनाही चीनचा हंगाम संपेपर्यंत थांबावे लागले.

करारात काय वाचायचे

युरोपात पगार बहुधा 'नेट' सांगतात, म्हणजे स्थानिक कर क्लब भरतो. सोबत घर, गाडी आणि विमानाची तिकिटे असतात. वैद्यकीय तपासणीचे कलम नीट पाहावे: आगमनानंतर किती तासांत तपासणी, आणि त्यात नापास ठरवले तर परतीचे तिकीट कोणाचे. तपासणीची मुदतच लिहिलेली नसेल तर दोन खराब सामन्यांनंतर क्लबाला अचानक जुना गुडघा आठवतो. हप्ता किती दिवस थकला की दंड लागतो आणि किती दिवस थकला की खेळाडू मोकळा होतो, हे दोन्ही आकडे करारात हवेत. एजंट फिबाचा परवानाधारक आहे ना, हेही तपासावे.

वादासाठी बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाचे, म्हणजे बॅटचे कलम असणे फार महत्त्वाचे. बॅटचे स्थान जिनिव्हा, लवाद एकच, भाषा इंग्रजी आणि निर्णय न्याय्य काय आहे यावर. दावा दाखल करताना परत न मिळणारे शुल्क भरावे लागते. क्लबाने निकाल पाळला नाही तर फिबा त्याची नवी नोंदणी थांबवू शकते. हे कलम नसेल तर त्या देशाच्या न्यायालयात, त्या देशाच्या भाषेत भांडावे लागते. दुसऱ्या बाजूने, निकाल खेळाडूविरुद्ध गेला आणि त्याने तो पाळला नाही तर त्याचाही मार्ग अडतो.

निवास परवाना: जर्मनीचे उदाहरण

अमेरिकन नागरिकाला जर्मनीत व्हिसाशिवाय उतरता येते आणि निवास परवान्याचा अर्ज तिथे पोहोचून करता येतो. पण व्हिसाविना प्रवेश म्हणजे हंगामभर नोकरीची मुभा नव्हे. व्यावसायिक खेळाडूसाठी तीन अटी आहेत: वय किमान १६, खेळाच्या महासंघाने पात्रतेला दिलेला दुजोरा आणि ठरावीक किमान ढोबळ, म्हणजे कर कापण्याआधीचा, पगार. हा पगार पेन्शन विम्याच्या वर्गणी-मर्यादेच्या, म्हणजे ज्या पगारापर्यंत वर्गणी आकारतात त्याच्या, निम्मा तरी हवा. २०२५ मध्ये ती मर्यादा महिना ८,०५० युरो होती, म्हणजे किमान पगार ४,०२५ युरो. रक्कम ढोबळ धरतात, नेट नव्हे. खालच्या विभागातले छोटे क्लब इथेच अडखळतात. मर्यादा दरवर्षी बदलते, म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यावर करार करू नये.

अर्जासोबत वैध पासपोर्ट, बायोमेट्रिक फोटो, करार, आरोग्य विम्याचा पुरावा आणि राहत्या पत्त्याची नोंद लागते. पत्त्याची नोंद घरात आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत करायची आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला दाखला लागतो. घर क्लबाच्या नावावर असते, त्यामुळे हा दाखला कोण देणार हे आधीच ठरवून घ्यावे.

देश बदलला की यादी बदलते. स्पेनला एफबीआयचा चारित्र्य दाखला अपोस्टिलसह, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा यासाठीच्या शिक्क्यासह, लागतो. तो संघराज्याचा कागद असल्याने अपोस्टिल वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याकडूनच घ्यावे लागते. आपल्या राज्याच्या कार्यालयातून शिक्का आणणाऱ्यांचा अर्ज परत येतो. चीनमध्ये झेड व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, उतरल्यापासून ३० दिवसांत निवास परवाना काढावा लागतो.

औषधे

अमेरिकेतल्या राज्याचे वैद्यकीय गांजाचे कार्ड परदेशात चालत नाही. अमेरिकन बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनरकडेही ॲरिझोनातल्या डॉक्टरची परवानगी होती. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर तिला अटक झाली, नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीतून सुटका झाली. एनबीएने २०२३ मध्ये गांजा चाचणीतून वगळला असला तरी वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत तो स्पर्धाकाळात निषिद्धच आहे. नेहमीचे औषध यादीत असेल तर उपचारासाठीची सूट आधी मागावी.

अमेरिकेतला कर

अमेरिकन नागरिकाला जगात कुठेही कमावले तरी मायदेशी विवरणपत्र भरावे लागते. फॉर्म २५५५ वर २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंतचे परदेशी उत्पन्न वगळता येते, पण दिवसांच्या कसोटीने पात्र व्हायचे तर सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात हवेत. हंगाम ऑगस्ट ते मे. उन्हाळ्यात दोन महिने घरी गेले की हिशेब फसतो, कारण हातात सुटे दिवस जेमतेम ३५. मग उरतो फॉर्म १११६, म्हणजे परदेशात भरलेला कर अमेरिकेतल्या करातून वजा करून घेणे. त्यासाठी कर भरल्याचा पुरावा लागतो आणि नेट करारात तो कागद क्लबाकडे असतो. शिवाय क्लबाने भरलेला करही खेळाडूच्या उत्पन्नातच धरतात. म्हणून जर्मनी सोडण्यापूर्वी वार्षिक वेतनकर दाखला, म्हणजे लोनश्टॉयरबेशाइनिगुंग, कधी आणि कोणत्या पत्त्यावर येणार हे क्लबाकडून लेखी घ्यावे. परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, वेगळा भरायचा. त्याची मुदत १५ एप्रिल, आणि आपोआप मिळणारी वाढीव मुदत १५ ऑक्टोबर.