भट्टीवरची नानकटाई: खान्देशातल्या दिवाळीच्या डब्याची पार्श्वभूमी

वसुबारसेच्या आधीचा आठवडा लागला की धुळे, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार अशा गावांत जुन्या बेकऱ्यांसमोर दुपारच्या वेळी बायका दिसू लागतात. कुणाजवळ मैद्याची पिशवी, कुणाजवळ तुपाची बरणी, कुणी साखर घरून दळूनच आणलेली. सामान आपलं, भट्टी बेकरीवाल्याची. वजनावर मजुरी द्यायची आणि संध्याकाळी भरलेला डबा उचलायचा. शेव-चिवडा आता तयार मिळतो, लाडवांच्या ऑर्डरी दिल्या जातात, पण नानकटाईची ही रीत बऱ्याच घरांनी अजून सोडलेली नाही. आणि एवढी नानकटाई काही घरात खायला नसते. डब्यातली बरीचशी वाटायची असते: बहिणीच्या सासरी, व्याह्यांकडे, शेजारच्या चार घरी, पुण्या-सुरतेला नोकरीला असलेल्या मुलाकडे.

ज्या मुलखातल्या एकाही स्वयंपाकघरात पूर्वी ओव्हन नव्हता, तिथे भट्टीत भाजलेला पदार्थ सणाची भेट कसा झाला, हे पाहण्यासारखं आहे.

खान्देश मुळात ज्वारी-बाजरीचा. रोजच्या ताटात दादरची, म्हणजे इथल्या रब्बी ज्वारीची, नाहीतर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, सणासुदीला खापरावरचे पुरणाचे मांडे. गव्हाच्या जाडसर पिठाची बट्टीही इथे जुनीच. ओवा-हळद घालून मळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून त्यावर तूप सोडायचं आणि वरणाशी खायचे. म्हणजे पीठ आचेत भाजून खाणं इथल्या माणसाला नवं नव्हतं. पण बट्टी गरम असतानाच खायची, ती कुणी कुणाला पाठवत नाही. पाठवायचा तो पदार्थ तळलेला असे: सांजोरी, करंजी, अनारसे, शंकरपाळी. तूप-तेलात तळलेलं टिकतं, प्रवासात खराब होत नाही. शिवाय पाण्यात शिजवलेलं अन्न एकमेकांकडे खायला जिथे जातीच्या अडचणी असत, तिथेही तुपातलं कोरडं पक्वान्न चालून जाई. नानकटाईला पुढे जी जागा मिळाली, ती या तळलेल्या फराळाशेजारी.

नानकटाईचं गाव सुरत. डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे वखार घातली आणि वखारीतल्या माणसांसाठी पावाच्या भट्ट्या पेटल्या. पीठ फुगवायला ताडी वापरत. 1824 च्या तहाने डचांची हिंदुस्थानातली ठाणी इंग्रजांकडे गेली. सुरतेत सांगितली जाणारी हकीकत अशी की, डचांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी कारागिराकडे आली. दोटीवाला हे नाव सुरतेच्या बेकरी व्यवसायात आजही मोठं आहे. गोरं गिऱ्हाईक आटलं, तसा पाव उरू लागला. उरलेला पाव वाळून कडक होई आणि तो स्वस्तात खपे, म्हणून मुद्दाम सुकवून विकणं सुरू झालं. पुढे स्थानिक लोकांच्या तोंडाला रुचेल असं काही हवं म्हणून गोड बिस्किटं आली. ताडी आणि अंडं या दोन गोष्टींमुळे सोवळं पाळणारी घरं दुकानाकडे फिरकत नसत. त्या दोन्ही काढून टाकल्यावर उरलं ते पीठ, तूप आणि साखर.

मला या हकिकतीतला हा शेवटचा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पीठ, तूप, साखर हेच तर आपल्या लाडवाचं सामान. परक्याच्या भट्टीतून निघालेल्या वस्तूत परकं असं फक्त भाजणं राहिलं.

त्याच डचांच्या मायदेशी 5 डिसेंबरच्या संध्याकाळी, सेंट निकोलसच्या सणाला, दालचिनी-लवंग-जायफळ घातलेली स्पेक्युलास नावाची बिस्किटं देण्याची पद्धत आहे. ती कोरीव लाकडी साच्यात दाबून घडवतात. त्यातला मसाला कंपनीच्या जहाजांनीच युरोपात नेला. नानकटाईतली वेलची-जायफळ त्या बिस्किटांकडून आली असं मी म्हणणार नाही, आपल्या गोडात ती आधीपासूनच आहेत. पण सणाला बिस्किटं भेट देणाऱ्या लोकांची भट्टी अशा मुलखात येऊन पडली, जिथे सणाला फराळाची ताटं घरोघर फिरतात. पुढे जे झालं त्याचं मला म्हणूनच फारसं नवल वाटत नाही.

सुरतेहून खान्देशात यायची वाट फार जुनी. बंदरावरचा माल तापीच्या खोऱ्याने नवापूर, नंदुरबार, थाळनेर करत बऱ्हाणपूरला आणि पुढे आग्र्याकडे जाई. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच गावांवरून गेला. 1860 च्या दशकात मुंबईहून निघणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळला पोचली, तिथे रेल्वेची मोठी वसाहत उभी राहिली आणि गोऱ्या व अँग्लो-इंडियन नोकरांमुळे पाव-बिस्किटांना कायमचं गिऱ्हाईक मिळालं. पण ती वाट मुंबईची. सुरतेशी थेट गाठ घातली ती तापी व्हॅली रेल्वेने, 1900 च्या सुमारास. सुरत ते अमळनेर रूळ आले आणि पुढे जळगावला जोडले गेले. कापसाच्या गाठी त्या गाडीने सुरतेकडे जायच्या, तिकडून कापड, किराणा आणि माणसं यायची. नंदुरबार-शहादा भागात गुजरातशी नातं सांगणारी घरं मुळातच पुष्कळ. 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली तरी नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत राहिलं. राज्यांची हद्द फलाटावरूनच जाते. खाण्यापिण्याला अशी हद्द इथे कधी नव्हतीच.

एवढं असूनही बिस्कीट घरात येणं सोपं नव्हतं. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. त्या मंडळींत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. नावं छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी प्रायश्चित्तं घ्यावी लागली. पुण्यातल्या एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर खेड्यापाड्यातल्या बाईने बेकरीतलं बिस्कीट देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवावं अशी अपेक्षा करता येत नव्हती. पिठात काय घातलं, कुणी मळलं, पाणी कुणाचं, हे प्रश्न होतेच.

भट्टीवर घरचं सामान न्यायच्या रीतीने हे प्रश्न भांडण न करता मिटवले, असं माझं मत आहे. पीठ आपलं, तूप आपल्या म्हशीचं, साखर आपण दळलेली, पाण्याचा थेंब नाही. पुष्कळ बायका गोळे वळायलाही स्वतः बसत. बेकरीवाल्याचा होता तो फक्त विस्तव, आणि विस्तवाला विटाळ नसतो हे सगळ्यांनाच मान्य. खान्देशातल्या बहुतेक जुन्या भट्ट्या मुस्लिम कुटुंबांच्या. दिवाळीचा फराळ त्यांच्या हातून भाजून निघणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय झाली. त्यासाठी कुणी कसली चळवळ केली नाही.

ही भट्टी जवळून पाहावी. विटा-मातीचा बुटका घुमट, पुढे एकच तोंड. आत बाभळीची लाकडं पेटवतात आणि घुमट तापला की निखारे एका बाजूला ओढतात. ओल्या गोणपाटाच्या पोचाऱ्याने फरशी पुसून घेतात. पहिल्या कडक आचेवर पाव जातो. पाव निघाला की भट्टी हळूहळू उतरू लागते आणि ती उतरती आच नानकटाईला मानवते. पावाला 220 अंशांच्या वर उष्णता लागते, नानकटाईचं 160-170 वर भागतं. घरची कामं दुपारनंतर घेतात ती याच कारणाने. काळे पडलेले पत्रे एकामागून एक ओट्यावर येतात, ज्याच्या त्याच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी. "मैदा कितला शे, माय?" असं विचारत कारागीर पातेल्यात हात घालतो आणि दोन बोटांनीच तूप पुरेसं आहे का ते सांगतो. मग लांब दांड्याचं फावडं पत्र्याखाली सरकतं. दहा-पंधरा मिनिटांत तुपाचा वास रस्त्यापर्यंत येतो.

वरवर सोप्या वाटणाऱ्या या पदार्थाची खरी मेहनत भाजण्याआधीची. तूप थिजलेलं हवं. ते पिठीसाखरेबरोबर तळहाताने फेसायचं, पांढरंफेक आणि हलकं होईपर्यंत. त्या फेसात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, आचेत तेच फुगतात. मग मैदा, थोडं बेसन, मूठभर रवा, चिमूटभर सोडा, वेलची-जायफळ. पिठाच्या कणाकणाला तूप लागलं की चिकटपणा धरत नाही, म्हणून नानकटाई पोळीसारखी चिवट न होता तोंडात विरघळते. वरचा पृष्ठभाग आधी सुकतो, आतला गोळा त्यानंतरही पसरत राहतो, म्हणून माथ्यावर भेगा पडतात. भेगा नसलेली नानकटाई भट्टीवर कुणी चांगली मानत नाही. माथ्यावर दाबलेली चारोळी सातपुड्यातली. धडगाव-तोरणमाळकडच्या जंगलात आदिवासी बायका ती गोळा करतात. शहरातल्या डब्यावर पिस्ता दिसतो, पण खान्देशच्या नानकटाईला मला चारोळीच शोभून दिसते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर एक मोठा बदल झाला. 1937 मध्ये डालडा बाजारात आला. साजूक तूप लग्नाकार्यापुरतं ठेवणाऱ्या घरांना वनस्पती तूप परवडलं. ते थिजलेलं असल्यामुळे फेसायलाही सोयीचं. पिवळ्या डब्यावरचं माडाचं झाड त्या काळच्या प्रत्येक स्वयंपाकघरात होतं. साखर मात्र रेशनवर. सणाला मिळणारा जादा कोटा घरातल्या सगळ्या गोडधोडाला पुरवायचा, म्हणून नानकटाईचं प्रमाण आधी ठरे आणि कुणाकुणाला द्यायची याची यादीही त्याबरोबरच. रिकामे झालेले डालड्याचे डबे, तेलाचे चौकोनी पत्र्याचे डबे घासूनपुसून ठेवायचे, ते याच कामासाठी. पत्र्याच्या डब्यात तळाला वर्तमानपत्र, वर नानकटाईचे थर, झाकणाच्या कडेला कापडाची पट्टी. अशी नानकटाई महिनाभर खुसखुशीत राहते.

हे टिकणंच तिला भेटीच्या मानाचं करून गेलं. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो तेव्हा पिशवीत कपड्याबरोबर हा डबा असतो. दिवाळीला माहेरी आलेली लेक परत निघते तेव्हा तिच्या बोळवणीत तो असतो, आणि सासरी गेल्यावर तो पहिल्यांदा जावा-नणंदांसमोर उघडला जातो. माहेरचं तूप किती, आईचा हात कसा, हे तिथे चाखून ठरतं. लग्नाच्या रुखवतात नानकटाईची ताटं मांडतात, मनोरे रचतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मान सांजोरी-पुरणपोळीचा, तो तसाच राहिला. पण उन्हाळ्याच्या सुटीत लेकी-नातवंडं जमली की भट्टीवर पुन्हा पत्रे चढतात. फराळाचं ताट बेकरीवाल्याच्या घरी जातं आणि ईदला तिकडून शीरखुर्मा येतो. नवापूर-चिंचपाड्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंजी-शंकरपाळ्यांचीच ताटं फिरतात.

गेल्या काही दशकांत डब्याची दिशाही बदलली आहे. सुरतेच्या कापड गिरण्यांत, उधना-लिंबायत भागात खान्देशातून गेलेली हजारो कुटुंबं राहतात. त्यांच्यासाठी गावाकडची नानकटाई त्याच तापीच्या रेल्वेने सुरतेला जाते. ज्या शहरात तिच्या नामवंत बेकऱ्या आहेत, तिथेच घरच्या भट्टीवरचा डबा मागवला जातो. चव चांगली हे एक कारण, पण मुख्य कारण डब्यावर आईच्या हाताने लिहिलेलं नाव.

भट्ट्या मात्र कमी होत आहेत. लाकूड महाग झालं, धुरावरून शेजारी तक्रार करतात, नव्या पिढीने डिझेलची नाहीतर विजेची यंत्रं बसवली आणि लहान घरगुती कामं त्यांना परवडत नाहीत. त्यामुळे कुकरमध्ये मीठ तापवून, छोट्या ओव्हनमध्ये, कुकीज करणं वाढलं. महिला बचत गट दिवाळीच्या सुमारास नाचणीच्या, ज्वारीच्या नानकटाईची पाकिटं विकतात. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, त्यानंतर ही मागणी आणखी दिसू लागली. मला यात मोठी शक्यता दिसते. नानकटाईला पिठाचा चिकटपणा नकोच असतो, त्यामुळे दादरचं पीठ तिला मैद्यापेक्षाही सहज मानवतं. तूप थोडं जास्त लागतं, चव खमंग येते आणि ज्वारीचा तो ओळखीचा गोडवा राहतो. अडचण एकच, ती फार ठिसूळ होते आणि पार्सलच्या धक्क्यात तिचा चुरा होतो. म्हणून कुरिअरने पाठवायची असेल तर निम्मं गव्हाचं पीठ मिसळावं. शेजारी हातोहात द्यायची ती खुशाल पूर्ण दादरची करावी.